आखाजीला येणारा खेळ

आमच्या घरमालकांनी तो खेळ उभ्या जन्मात पाहिला नव्हता, पण त्यात पाणी कुठे लागतं, चढ कुठे लागतो आणि कुठल्या भिंतीमागे दार आहे, हे सगळं ते डोळे मिटून सांगायचे. जळगावची एप्रिलमधली दुपार असायची. गल्लीत कुत्रंसुद्धा दिसायचं नाही. टेलिफोन ऑफिसातली सकाळची पाळी संपवून मी घरी यायचे तेव्हा आबा ओसरीवर ओलं पोतं टांगून त्याच्या आडोशाला पडलेले असायचे. माझी चप्पल वाजली की डोळे न उघडता म्हणायचे, "ये पोरी, बस. आज पान्याखालच्या गावाले जाऊन आलो."

मी वर माझ्या खोलीत जाऊन आडवं व्हायचं सोडून तिथेच जिन्याच्या पायरीवर बसायचे. आबा सांगू लागायचे. पाठीला पिवळी झोळी लावलेलं एक टीचभर माणूस आहे. ते नुसतं चालत राहतं. ढगांवर पाय दिला तर ढग थोडा दबतो आणि पुन्हा वर येतो. पुढे एक नदी आहे, तिच्यात उतरलं तर बुडत नाही, तळाशी गाव लागतं. गावातले दिवे हिरवे. तिथे कुणी कुणाशी बोलत नाही, पण सगळे एकमेकांना वाट देतात. ओसरीत पोत्याचा ओला वास, आबांच्या सदऱ्याला केळीच्या चिकाचा वास आणि तो संथ आवाज. माझे डोळे मिटायला लागायचे आणि अर्धं गाव मी झोपेतच पाहायचे.

या सगळ्या सृष्टीला आधार होता एका चुरगळलेल्या रंगीत पानाचा. परदेशी मासिकातलं ते पान त्यांनी स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं. त्यावर टीव्हीला जोडायच्या एका जपानी खेळाची जाहिरात होती. मधे यंत्र, भोवती चार लहान चित्रं, खाली जपानी मजकूर. आबांचं शिक्षण फैजपूरकडच्या शाळेत चौथीपर्यंत. मजकूर वाचता येत नव्हता म्हणून त्यांनी तो स्वतःच ठरवून टाकला होता, आणि डाळीचा डबा काढता काढता त्यात भर पडत असे.

आबांचं आयुष्य गेलं रेल्वेच्या मालधक्क्यावर. केळी उत्पादकांच्या एका संघाचे ते नोकर. केळीचे घड कच्चेच कापून दिल्लीकडे वॅगनने जायचे, आणि वॅगना नेहमीच कमी पडायच्या. कुणाचा माल आज जाणार, कुणाचा उद्या, हे पुकारायचं काम आबांचं. तिथे मोठा बागायतदार नाही की छोटा नाही, ज्याचा नंबर त्याची गाडी. कुणी मधे घुसला तर केळी उन्हात काळी पडेपर्यंत आबा त्याची गाडी हलू देत नसत, असं म्हणतात. नोकरी संपली, पण नंबर काही अंगातून गेला नाही. पिठाच्या गिरणीत चिटपाखरू नसलं तरी आबा दळण खाली ठेवून विचारायचे, "शेवटचं कोन आहे?" गिरणीवाला म्हणायचा, कुणीच नाही आबा, द्या. तरी थोडं थांबून मगच डबा पुढे करायचे. डॉक्टरकडे तेच, न्हाव्याकडे तेच. मला हसू यायचं. त्यांची कीवही यायची. पण त्या माणसाने जन्मात कुणाचा हक्क मारला नाही हेही खरं, आणि तसं छातीवर हात ठेवून सांगता येईल अशी माणसं मला तरी फार भेटलेली नाहीत.

आता त्या पानाची गोष्ट. मी या घरात राहायला आले त्याच्या आदल्या वर्षी आबांच्या एकुलत्या एक लेकीचं, मंगलचं, लग्न झालं होतं. मंगलची आई ती लहान असतानाच गेलेली. लेकीला आबांनीच वाढवलं, वेण्यासुद्धा तेच घालायचे. मुलगा धुळ्याचा, नुकताच डिप्लोमा झालेला, हसरा. लग्नाच्या पंगतीत जावई रुसून बसतो ही आपल्याकडची जुनी गंमत. ताटाला हात लावत नाही. मग सासरा येऊन विचारतो, काय पाहिजे? कुणी घड्याळ मागतं, कुणी सायकल. या पठ्ठ्याने मित्रांना हसवायला खिशातून मासिकाचं पान काढलं आणि म्हणाला, हा खेळ पाहिजे. पंगत खो खो हसली. आबा हसले नाहीत. त्यांनी पान हातात घेतलं, उजेडात धरून नीट पाहिलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "दिला." जावई जेवायला लागला. समोरच्या काकू त्या पंगतीत वाढायला होत्या, त्यांनीच मला हे सगळं हातवारे करून सांगितलं.

दुसऱ्याच आठवड्यात आबा स्टेशनरोडवरच्या टीव्हीच्या दुकानात गेले. दुकानदाराने पान पाहिलं आणि सांगितलं की हा खेळ जपानात निघालाय, हिंदुस्थानात अजून आलेला नाही, येईल. आबांना त्यात वावगं काही वाटलं नाही. माल निघालाय म्हणजे गाडी लागेल, आपला नंबर येईल. तेवढ्यात आखाजी आली.

खान्देशाबाहेरच्या माणसाला आखाजी म्हणजे काय ते सांगून कळत नाही. कॅलेंडरवर तिला अक्षय्य तृतीया म्हणतात. आमच्याकडे ती लेकींची असते. उन्हाचा कहर असतो आणि गल्लोगल्ली निंबाच्या झाडांना झोके बांधलेले असतात. सासरी गेलेल्या पोरी माहेरी येतात, आमरस-पुरणपोळी खातात, झोक्यावर गाणी म्हणतात, दिवसभर त्यांना कुणी काम सांगत नाही. पुरुष पत्ते कुटतात आणि त्या दिवशी त्यांना कुणी बोलत नाही. लेकीला आणायला माहेरचं माणूस जातं, त्याला मुराळी म्हणतात. लग्नानंतरची पहिली आखाजी तर सासू आजारी असली तरी चुकवत नाहीत. मंगलला भाऊ नव्हता. मुराळी जायचं ते आबांनीच. आणि आबा गेले नाहीत. जावयाला भर पंगतीत दिलेला शब्द पुरा व्हायचा होता, रिकाम्या हाताने त्या दारात कसं उभं राहायचं?

हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी हसले होते. त्या वर्षी माझा भाऊ मला न्यायला चाळीसगावहून आला. माझं लग्नही झालेलं नव्हतं, तरी आला, आणि पिशवी घेऊन मी जिना उतरले तेव्हा आबा ओसरीवर बसून एकटेच निंबाकडे बघत होते. झोका त्यांनी बांधून ठेवला होता. तेव्हा मात्र मला हसू आलं नाही. रागच आला. लेक तिकडे वाट बघतेय, आणि हा माणूस जपानच्या गाडीची वाट बघत बसलाय.

काकूंनी तर त्यांना सरळ तोंडावर सुनावलं होतं. जावयानेही कळवलं होतं की तो खेळबिळ मी गमतीत मागितला, तुम्ही या. आबांचं उत्तर ठरलेलं. त्यानं गमतीत मागला असीन, मी गमतीत नाही दिला.

पुढे दुकानदाराने मुंबईच्या एजंटाचा फोन नंबर दिला आणि आबा मला शरण आले. मी ट्रंक कॉलच्या बोर्डावर बसायचे. आबा स्वच्छ धोतर-टोपी घालून ऑफिसात यायचे, रीतसर कॉल बुक करायचे आणि बाकावर सगळ्यांत शेवटी बसायचे. एजंटाची कारणं दर खेपेला नवी. एकदा म्हणे आयातीचा परवाना अडकलाय. एकदा म्हणे त्यांच्याकडचे टीव्ही वेगळे, आपले वेगळे, चित्र नीट दिसणार नाही, कंपनी आपल्यासाठी वेगळं यंत्र बनवतेय. एकदा दिवाळी म्हणाला, एकदा मार्चनंतर. मग एका खेपेला कंटाळून सांगितलं की आधी मोठी शहरं, मग बाकीचे. आबा खूश झाले. त्यांनी विचारलं, जळगावचा नंबर कितवा? मग तो माणूस म्हणाला, नागपूरनंतर. त्याने रिसीव्हर ठेवायच्या आधी शेजारच्याबरोबरचं हसणं माझ्या कानातल्या हेडफोनवर मला स्वच्छ ऐकू आलं.

आबा त्या दिवशी पेढे घेऊन घरी आले. मला राहवलं नाही. मी त्यांना सांगून टाकलं की आबा, तो हसत होता, नंबरबिंबर काही नाही, तिकडे आपली रांगच नाही. आबांनी पेढ्याचा पुडा माझ्या हातात दिला आणि निंबाकडे बघितलं. मग म्हणाले, "रांग नाही तर मंग आपन सगळे उभे कशाले आहोत, पोरी?"

मी पेढा खाल्ला.

दरम्यान बाजारात नकली यंत्रं आली. मुंबईहून, सुरतेहून पोत्यांनी यायची. काळा डबा, दोन खटके असलेलं हँडल, एका कॅसेटमध्ये ढीगभर खेळ. सुट्टीत गल्लीतल्या निम्म्या घरांतून त्याचे टूं टूं आवाज यायचे. दुकानदार आबांच्या मागे लागला की हेच घेऊन जा, जावयाला काय कळतंय. आबांनी डबा हातात घेऊन उलटासुलटा पाहिला आणि परत ठेवला. हे मागच्या दारानं गाडीत घुसेल माल आहे, म्हणाले. हे नेलं तर ज्याइनं रांग धरली त्याइचं काय? कोण रांग धरून बसलं होतं, देव जाणे. मला तर साऱ्या खान्देशात एकच माणूस दिसत होता.

अशी वर्षं जात राहिली. एकदाच मी त्यांना त्या सगळ्या प्रकाराची चीड आलेली पाहिली. सदऱ्यावरचा केळीचा डाग चोळत बसले होते. तो डाग कधी निघत नाही हे त्यांना माहीत होतं. एकदम म्हणाले, "आपली केळी कच्ची कापली का चवथ्या दिवशी दिल्लीवाल्याले पिकेल भेटतात. आपन त्याले कधी म्हटलं का, थांब, तुझा लंबर मोठ्या गावानंतर? मंग आपल्याच वाटेले काहून असं?" मला वाटलं, आता हा माणूस मोडणार. पण थोड्या वेळाने ते पुन्हा पोत्याच्या आडोशाला आडवे झाले आणि ढगावरून चालायला लागले.

मंगलला ते भेटत नव्हते असं नाही. वर्षातून दोन-चारदा एसटीने धुळ्याला जायचे, पण स्टँडच्या बाहेर पाऊल टाकत नसत. मंगल लेकीला कडेवर घेऊन तिथे यायची. बाकावर बसून दोघं केळी खायचे आणि आबा मंगलला खेळातलं पुढचं गाव सांगायचे. एकदा ऑफिसच्या कामाने मी धुळ्याला निघाले तेव्हा त्यांच्यासोबत होते. फलाटावर गाड्यांचा गोंगाट, धूळ, कंडक्टरच्या आरोळ्या, आणि ही तीन पिढ्यांची माणसं पाण्याखालच्या गावात हरवलेली. गाडीची वेळ झाली तशी मंगलने विचारलं, "आबा, यंदा?" आबा म्हणाले, लंबर लागू दे. ती हसली. ते हसू मला बघवलं नाही, मी पाणी आणायला म्हणून उठले.

आणि एका चैत्रात खेळ खरंच आला. एका कंपनीने तो रीतसर हिंदुस्थानात आणला, छापील बिल आणि हमीपत्रासकट. दुकानदाराने खोक्याला हार घालून आबांना निरोप धाडला. मी बरोबर गेले. दुकानदार भला माणूस, त्याने लपवलं नाही. म्हणाला, आबा, खरं सांगतो, तिकडे जपानात हा आता कुणी घेत नाही, दुसरा निघालाय. आबांनी हार काढून गणपतीच्या तसबिरीला घातला आणि खोकं उराशी धरलं. इतकंच म्हणाले, आपल्याकडे तर आज निघाला ना.

आखाजीच्या दोन दिवस आधी आम्ही धुळ्याच्या गाडीत बसलो. मला सोबत घेतलं कारण ते यंत्र जोडायचं कसं हे त्यांना ठाऊक नव्हतं, जसं काही मला ठाऊक होतं. कंडक्टरने खोकं वर टाका म्हटलं तर ऐकेनात. मांडीवर घेऊन बसले. एरंडोल गेलं, पारोळा गेलं. खिडकीतून झळा येत होत्या, दोन्ही बाजूंनी कापसाची मोकळी रानं पडलेली. आबांनी डोळे मिटले होते, ओठ हलत होते. मला वाटलं देवाचं नाव घेताहेत. कान दिला तर ते मंगलला काय म्हणायचं त्याची तालीम करत होते. चल पोरी, मुराळी आला. पुन्हा. चल पोरी, मुराळी आला.

मंगलने दार उघडलं. आबांना उंबऱ्यात बघून ती कडी धरून तशीच उभी राहिली. मागून तिची सासू आली, डोक्यावरचा पदर सावरत म्हणाली, "या ना आबा, घर तुमनंच शे." जावई दुकानातून धावत आला, पाया पडला. तो आता एका तेलगिरणीच्या मालाची एजन्सी बघायचा, अंगाने भरला होता, हसरेपणा तसाच होता. पाण्याचा तांब्या आला. लेकीच्या घरचं पाणी बाप पीत नाही, म्हणून आबांनी तो नमस्कार करून बाजूला ठेवला.

मग त्यांची नजर टीव्हीवर गेली. टीव्हीवर तोच तो बाजारातला काळा डबा होता. हँडलवरचे खटके वापरून गुळगुळीत झालेले. जावई ओशाळला. म्हणाला, "मामा, मी नाही खेळत. मला कुठला वेळ? हिचं आहे ते."

मंगल खाली बघत म्हणाली, "दुपारी सगळे निजले का मी खेळते आबा. तुमचं ते पान्याखालचं गाव शोधते. त्यात नाही ते."

आबांनी खोकं उघडलं. जावई आणि मी मिळून ताराबिरा लावल्या. पडद्यावर रंग उमटले, सुरेख होते, खोटं कशाला सांगू. टीचभर माणूस चालायला लागलं. मंगलने हँडल घेतलं आणि सराईतपणे त्याला डोंगरावरून नेलं, ढगावरून नेलं, नदीत उतरवलं. नदीत ते मेलं. पुन्हा उतरवलं, पुन्हा मेलं. तळाशी काही नव्हतं. आबा पडद्याकडे नाही, तिच्या हातांकडे बघत होते. वेणी घालताना लहानपणी तिचं डोकं हलायचं ते आठवत असावेत, असं मला उगाच वाटलं.

जावयाने खोक्यावर हात ठेवून म्हटलं, मामा, फिटला बघा माझा रुसवा. सगळे हसले. आबांनाही बरं वाटलं असावं. त्यांनी घसा साफ केला. "चल पोरी," म्हणाले, "मुराळी आला."

मंगलने हँडल खाली ठेवलं. सासू म्हणाली, जाय माय, घरनं काम मी करी लिसु. पण मंगल उठली नाही. यंदा तिच्या नणंदेची लग्नानंतरची पहिली आखाजी होती. ती उद्या येणार होती. सासूचे गुडघे धरलेले. रस काढायला, पोळ्या करायला, तिचे लाड पुरवायला घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं.

"आबा," मंगल म्हणाली, "पहिली आखाजी चुकली का कसं वाटतं ते मले माहीत आहे. तिची मी चुकू देनार नाही."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. पडद्यावर ते टीचभर माणूस नदीच्या काठाशी उभं होतं आणि तेच चार सूर पुन्हा पुन्हा वाजत होते. जावयाने पुढे होऊन आवाज बंद केला. आबांचे हात मांडीवर तसेच पडलेले, खोकं धरल्यासारखे. इतकी वर्षं ज्या गाडीची वाट पाहिली ती लागली होती, आणि तिच्यात बसायला माणूस नव्हतं. मला तिथून पळून जावंसं वाटलं. त्यांच्यावरचा माझा इतक्या वर्षांचा राग कुठे गेला कळलंच नाही.

मग आबांनी बाजूचा तांब्या उचलला. वरूनच, घटाघटा, सगळा प्यायले. मंगल बघतच राहिली. सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसून त्यांनी सासूबाईंना विचारलं की इथे झोका कुठल्या झाडाला बांधतात. सासूबाईंनी मागच्या दारचा निंब दाखवला. आबा उठले, दारातून त्या झाडाकडे वाकून बघितलं.

"मंग मीच ऱ्हातो," ते म्हणाले. "रस काढाले मले येतो."

मी संध्याकाळच्या गाडीने एकटीच परतले. शेजारची जागा पारोळ्यापर्यंत रिकामी होती. गल्लीत शिरले तर काकू दारातच वाट बघत उभ्या. त्यांनी निंबाखाली सडा टाकून ठेवला होता आणि आबांच्या ओसरीवर मंगलसाठी कैऱ्यांची टोपली. माझ्या मागे कुणी दिसेना तसा त्यांचा चेहरा पडला. मंगल नाही आली? आणि आबा कुठे राहिले?

मी म्हटलं, "आबा माहेरी गेलेत, काकू. आखाजी करून येतील."